ओझोनच्या धड्यात न आलेली मंडळी

ओझोनच्या थराचा धडा वर्गात साधारणपणे चार पायऱ्यांत संपतो. फ्रिजमध्ये आणि फवाऱ्याच्या डब्यांत क्लोरोफ्लुओरोकार्बन, म्हणजेच सीएफसी, ही संयुगे वापरली जात. ती वातावरणात उंच गेली, अतिनील किरणांनी त्यांतील क्लोरीन मोकळा झाला आणि त्याने ओझोनचे रेणू मोडले. शास्त्रज्ञांनी हे शोधून काढले. मग १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे करार झाला आणि सीएफसी हद्दपार झाली. फळ्यावर क्लोरीनची साखळी-अभिक्रिया काढली, ओझोन दिनाची तारीख सांगितली, की तास संपतो.

या धड्यातील रसायनशास्त्राबद्दल आमची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मधल्या जागेबद्दल. शास्त्रज्ञांनी शोधले आणि राष्ट्रांनी करार केला, या दोन वाक्यांच्या मध्ये तेरा वर्षे गेली आहेत. त्या तेरा वर्षांत कोण काय करीत होते हे सांगितले नाही, तर विद्यार्थ्याची अशी समजूत होते की सत्य सिद्ध झाले की त्याचा कायदा आपोआप होतो. पुढे कधीतरी हा भ्रम फुटतो, आणि मग तोच विद्यार्थी दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणू लागतो की हे सगळे कंपन्यांनी आधीच ठरवलेले असते, विज्ञानबिज्ञान नुसते नावाला. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. ओझोनचीच गोष्ट पुरी सांगितली तर त्या दोन्ही दूर होण्यासारख्या आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

मोलिना आणि रोलंड यांचा सीएफसीविषयीचा शोधनिबंध १९७४ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या वेळी अमेरिकेतील ड्यूपॉन्ट ही सीएफसीची जगातील सर्वांत मोठी उत्पादक कंपनी होती. १९७५ साली तिने वृत्तपत्रांत मोठी जाहिरात देऊन सांगितले, की या संयुगांमुळे आरोग्याला धोका आहे असा विश्वसनीय पुरावा मिळाला तर आम्ही उत्पादन थांबवू. विधान सरळ वाटते. पण पुरावा विश्वसनीय आहे की नाही हे ठरवणार कोण, हा प्रश्न त्यात मोकळाच राहतो. १९७८ साली अमेरिकेने फवाऱ्यांच्या डब्यांतील सीएफसीवर बंदी घातली. फ्रिज, वातानुकूलन, फोम आणि इलेक्ट्रॉनिक भागांची सफाई यांतील वापर मात्र तसाच राहिला.

१९८० साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे 'ईपीए'ने, उरलेल्या वापरावरही मर्यादा घालण्याचा विचार जाहीर केला. त्याच वर्षी 'अलायन्स फॉर रिस्पॉन्सिबल सीएफसी पॉलिसी' ही संघटना उभी राहिली. जबाबदार सीएफसी धोरणासाठी आघाडी, असा त्या नावाचा अर्थ. नावाकडे जरूर लक्ष द्यावे. बंदीविरोधी संघटना असे नाव कोणी ठेवीत नाही.

या आघाडीत सुमारे ५०० कंपन्या होत्या. त्यांत सीएफसी बनवणाऱ्या थोड्या आणि ती वापरणाऱ्या फार. संघटनेची ताकद कळायची तर हे प्रमाण ध्यानात घेतले पाहिजे. एकटी ड्यूपॉन्ट सरकारकडे गेली असती तर ती आपला गल्ला सांभाळते आहे असेच कोणीही म्हणाले असते. पण फ्रिजवाले, फोमवाले, शीतगृहवाले आणि मोटारींचे एसी बनवणारे एकत्र गेले, की तोच आवाज 'उद्योगाचे मत' म्हणून ऐकला जातो. शिवाय इतक्या कंपन्या म्हटल्यावर जवळजवळ प्रत्येक लोकप्रतिनिधीच्या मतदारसंघात एखादा तरी कारखाना असतोच. आघाडीचे म्हणणे असे होते की सिद्धांत अजून अनिश्चित आहे, घाई करू नये, आणि अमेरिकेने एकटीने काही करू नये. पुढची पाच-सहा वर्षे तसेच घडले. पर्यायी रसायनांवरचे संशोधनही ड्यूपॉन्टने याच सुमारास गुंडाळून ठेवले.

मे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट प्रसिद्ध केली. आणि सप्टेंबर १९८६ मध्ये याच आघाडीने जाहीर केले, की सीएफसीच्या वाढीवर आंतरराष्ट्रीय मर्यादा घालायला आमचा पाठिंबा आहे. माँट्रियलच्या कराराला अजून वर्ष होते. विरोधासाठी स्थापन झालेली संघटना नियम मागू लागली. हे कसे झाले?

ओझोनचे छिद्र पाहून कंपन्यांचे मन बदलले, हे एक उत्तर. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे, कारण त्या छिद्राला सीएफसीच जबाबदार आहे याचा पक्का पुरावा १९८७ सालच्या विमान मोहिमेत मिळाला. आमच्या मते 'आंतरराष्ट्रीय' या शब्दाकडे पाहिले तर बाकीचे उत्तर सापडते. १९७८ ची बंदी अमेरिकन कंपन्यांना सोसावी लागली होती. युरोपातील बहुतेक देशांत मात्र फवारे बिनदिक्कत चालू होते. पुन्हा अमेरिकेनेच एकटीने कायदा केला असता तर ब्रिटनच्या आयसीआयचा, फ्रान्सच्या अटोकेमचा आणि जर्मनीच्या होक्स्टचा फायदा झाला असता. तशी शक्यताही समोर दिसत होती, कारण पर्यावरणवादी संघटनांनी ईपीएला न्यायालयात खेचले होते. कायदा टळणारच नसेल तर तो सगळ्यांना लागू होणारा असावा, हे धंद्याचे गणित झाले.

दुसरे गणित पर्यायांचे. सीएफसी अतिशय स्वस्त होती, आणि तिच्या जागी येणारी संयुगे कितीतरी महाग पडणार होती. कोणतीही एक कंपनी आपण होऊन महाग माल बाजारात आणती, तर स्वस्त माल विकणाऱ्यांनी तिला बाजारातून उठवले असते. स्वस्त मालाचा रस्ता सर्वांसाठी बंद करणारा नियम असेल तरच पर्यायांवर पैसा घालण्यात अर्थ होता. पर्यावरणपूरक तंत्र विकणाऱ्या उद्योगाला ग्राहकाच्याही आधी नियम लागतो, आणि नियम एकट्याला मिळत नाही, म्हणून संघटना लागते. एरवी नियमांच्या नावाने बोटे मोडणारे कारखानदार इथे नियमासाठी रांग का लावतात, ते यावरून कळते.

इथे एक प्रचलित कथा खोडून काढली पाहिजे. ड्यूपॉन्टच्या सीएफसीवरील पेटंटची मुदत संपत आली होती, म्हणून कंपनीने ओझोनचा बागुलबुवा उभा केला, असे अनेकदा छापून येते. सीएफसी शीतक म्हणून १९२८ ते १९३० च्या सुमारास पुढे आली. तिच्या मूळ पेटंटांची मुदत १९८० च्या दशकाच्या कितीतरी आधी संपून गेली होती. शिवाय ४ मार्च १९८८ रोजी ड्यूपॉन्टच्या प्रमुखांनी अमेरिकन सिनेटरांना लेखी कळवले होते, की उत्पादन बंद करण्याइतका पुरावा नाही. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच ओझोनच्या जागतिक घटीचा शास्त्रीय अहवाल आला, आणि २४ मार्चला कंपनीने सीएफसीचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे जाहीर केले. डाव आधीच रचलेला असता तर महिन्याच्या सुरुवातीला एक आणि अखेरीला दुसरे असे बोलण्याची पाळी आली नसती. पुराव्याने कंपनीला हलवले हे खरे आहे. मात्र हलल्यावर ती कोणत्या दिशेला गेली, ते तिच्या हाती असलेल्या मालाने ठरवले.

तो माल म्हणजे एचसीएफसी आणि एचएफसी. त्यांच्या विषारीपणाच्या चाचण्या करण्यासाठी १९८८ साली चौदा उत्पादक एकत्र आले. एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या कंपन्यांनी चाचण्यांचा खर्च वाटून घेतला आणि निष्कर्षही वाटून घेतले. हे काम चांगलेच झाले. त्यामुळे पर्याय काही वर्षे लवकर मिळाले. पण ज्या रसायनांची अशी एकत्रित तपासणी झाली, तीच 'तयार पर्याय' म्हणून सरकारांपुढे आली. बाकीच्यांना वाली नव्हता.

इलेक्ट्रॉनिक उद्योगात वेगळे घडले, आणि ते शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. हे कारखाने सीएफसी-११३ ने सर्किटे धूत. १९८९ साली एटी अँड टी, नॉर्दर्न टेलिकॉम यांसारख्या कंपन्यांनी ईपीएच्या साथीने स्वतःची वेगळी संघटना काढली, आणि सीएफसीशिवाय सफाई कशी करावी, किंवा धुण्याची गरजच पडणार नाही असे डाख कसे द्यावेत, याची माहिती इतरांना फुकट दिली. या कंपन्या रसायने विकत नव्हत्या, विकत घेत होत्या. म्हणून ज्यात कोणतेच नवे रसायन लागत नाही असा उपाय त्यांना सुचला आणि परवडला. एकच प्रश्न, दोन संघटना, उत्तरे मात्र निराळी.

आता जर्मनीतील प्रकरण पाहू. एकीकरणानंतर पूर्व जर्मनीतील सरकारी कारखाने विकायला किंवा बंद करायला काढले होते. सॅक्सनीतील शार्फेनस्टाइन या गावचा फ्रिजचा कारखाना त्यांपैकीच एक. पुढे तो फोरॉन या नावाने ओळखला गेला. डॉर्टमुंडच्या आरोग्य संस्थेतील रोझिन आणि प्रायझेनडान्झ यांनी प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण शीतक म्हणून वापरून पाहिले होते. हे साधे हायड्रोकार्बन वायू. ते ओझोनला हात लावत नाहीत आणि पृथ्वीही फारशी तापवत नाहीत. १९९२ साली ग्रीनपीस या संघटनेने कारखान्याला दहा नमुना फ्रिजांसाठी २६,००० मार्क दिले, आणि नंतर लोकांकडून सुमारे ७०,००० फ्रिजांची आगाऊ मागणी गोळा केली.

मोठ्या जर्मन उत्पादकांनी तोवर एचएफसी-१३४ए या वायूची वाट धरली होती. त्यांनी विक्रेत्यांना पत्रक पाठवून या नव्या फ्रिजांपासून सावध केले. ते स्फोटक आहेत, वीज जास्त खातात, असा सूर होता. ब्युटेन जळतो यात खोटे काहीच नाही. पण घरच्या फ्रिजमध्ये तो भरतात पन्नास-साठ ग्रॅम, आणि तोही बंद नळीत. आपल्या स्वयंपाकघरात त्याच कुळातील वायूची १४.२ किलोची टाकी ओट्याखाली असते, म्हणजे सुमारे अडीचशे फ्रिजांचा ऐवज. वर्गात हा भागाकार जरूर करून घ्यावा. धोका आहे की नाही एवढे विचारून भागत नाही, धोका केवढा आहे हे विचारायचे असते, ही विज्ञानाची शिकवण मुलांना यातून फार सहज देता येते.

त्या फ्रिजला सुरक्षिततेचे प्रमाणपत्र मिळाले, आणि १९९३ सालीच मोठ्या उत्पादकांनीही हायड्रोकार्बनवर चालणारे फ्रिज पुढे आणले. फोरॉनचे मात्र १९९६ साली दिवाळे निघाले. तंत्र जगभर गेले आणि ते जगात आणणारा कारखाना बुडाला. पेटंट घेतलेले नव्हते, आणि मागे संघटनाही नव्हती.

अमेरिकेत घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन वापरण्यास ईपीएची मंजुरी मिळाली ती डिसेंबर २०११ मध्ये, तीही ५७ ग्रॅमच्या मर्यादेत. अठरा वर्षांच्या या विलंबाचे खापर एकाच्या माथी फोडता येणार नाही. अपघात झाल्यास भरपाईच्या दाव्यांची धास्ती होती, सुरक्षा-मानके जुनी होती, आणि मंजुरी मागायला तेथील मोठे उत्पादक पुढे येत नव्हते. यांतील मानकांविषयी थोडे अधिक सांगायला हवे. कोणत्या यंत्रात ज्वलनशील वायू किती भरावा हे संसदेत ठरत नाही. ते ठरते तांत्रिक समित्यांत, आणि तिथे बसणारे बहुतेक तज्ज्ञ कंपन्यांचे पगारदार असतात, कारण विषय जाणणारे तेच असतात. यात लबाडी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिथे ज्याचा माणूस नाही, त्याचा पर्याय तिथे नाही. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने घरगुती एसीसाठी प्रोपेनची मर्यादा काही अटींवर ९८८ ग्रॅमपर्यंत वाढवली ती २०२२ साली.

एचएफसीत क्लोरीन नाही, म्हणून ती ओझोनला निरुपद्रवी. पण एचएफसी-१३४ए चा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये किगाली येथे माँट्रियल करारातच दुरुस्ती करून एचएफसीही कमी करायचे ठरले. आणि पुन्हा तेच नाट्य सुरू झाले. हनीवेल आणि ड्यूपॉन्टमधून निघालेली केमूर्स या कंपन्यांकडे तोवर एचएफओ ही पुढच्या पिढीची पेटंट घेतलेली शीतके तयार होती. ईपीएने एचएफसीवर निर्बंध घातले तेव्हा मेक्सिकेम आणि अर्केमा या उत्पादकांनी ते न्यायालयात आव्हानित केले, तर हनीवेल आणि केमूर्स ईपीएच्या बाजूने उभ्या राहिल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये निकाल बव्हंशी ईपीएच्या विरुद्ध गेला.

मग उद्योगाने थेट काँग्रेसकडे मोर्चा वळवला. १९८० ची तीच आघाडी आता नावात सीएफसीच्या जागी वातावरण घालून काम करीत होती. तिने एसी-उत्पादकांच्या संघटनेबरोबर एक अभ्यास पुढे केला, की नवा कायदा झाला तर ३३,००० नवे रोजगार निर्माण होतील. विधेयक मांडले ते लुइझियानाचे रिपब्लिकन जॉन केनेडी आणि डेलावेअरचे डेमोक्रॅट टॉम कार्पर यांनी. हनीवेलचा एचएफओचा कारखाना तेव्हा लुइझियानात होता आणि केमूर्सचे मुख्यालय डेलावेअरमध्ये. डिसेंबर २०२० मध्ये, पॅरिस करारातून बाहेर पडलेल्या ट्रम्प यांच्याच सहीने, एचएफसी घटवणारा कायदा मंजूर झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये सिनेटने किगाली दुरुस्तीला ६९ विरुद्ध २७ मतांनी संमती दिली. त्या देशात हवामानाच्या प्रश्नावर दोन्ही पक्षांचे असे एकमत सहसा होत नाही.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग बिघडले काय? काम तर झाले. हा आक्षेप रास्त आहे. ओझोनचा थर सावरतो आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने २०२२ साली झालेल्या मूल्यमापनानुसार जगाच्या बहुतेक भागात तो २०४० च्या सुमारास, आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. उद्योगांचा पाठिंबा नसता तर हे इतक्या लवकर झाले असते असे आम्हांला वाटत नाही. बिघडले ते दुसरीकडे. काय बंद करायचे हे विज्ञानाने ठरवले, पण त्याच्या जागी काय आणायचे हे ज्यांची संघटना होती त्यांनी ठरवले. त्यामुळे १९९३ साली जो पर्याय सिद्ध झाला होता तो अनेक देशांत बाजूला राहिला, आणि जगाने पंचवीस वर्षे यंत्रांत एचएफसी भरली. एचएफओपैकी मोटारींत वापरली जाणारी एचएफओ-१२३४वायएफ हवेत मोडली की ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल बनते, ते पाण्यात साठते आणि सहजी विघटित होत नाही. २०२३ साली युरोपातील पाच देशांनी असंख्य फ्लुओरीनयुक्त रसायनांवर निर्बंध सुचवले, त्यांत हीही आली. लगेच ब्रुसेल्समध्ये फ्लुओरोकार्बन उत्पादकांची संघटना एका बाजूला आणि प्रोपेन, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड यांवर यंत्रे बनवणाऱ्यांची दुसऱ्या बाजूला उभी राहिली. दुसऱ्या बाजूचेही पोट त्याच धंद्यावर आहे, हे विसरू नये. एसीमध्ये प्रोपेन फ्रिजपेक्षा कितीतरी जास्त लागतो. छपराखालच्या अरुंद जागेत पेटती मशाल घेऊन नळी जोडणाऱ्या आपल्याकडच्या मेकॅनिकला त्याचे शिक्षण मिळाले नसेल, तर धोका कागदावरचा राहत नाही.

भारताचा या गोष्टीतला भाग लहान असला तरी स्वतंत्र आहे. १९९० च्या लंडन बैठकीत आपले म्हणणे असे होते, की पर्यायांचे तंत्रज्ञान परवडेल अशा अटींवर मिळाले पाहिजे. बहुपक्षीय निधी ठरल्यावर, १९९२ साली भारत करारात सामील झाला. १९९० च्या दशकातच स्विस आणि जर्मन मदतीने हायड्रोकार्बन फ्रिजचे प्रयोग इथे झाले. मुंबईच्या गोदरेजने ती वाट धरली, आणि २०१२ च्या सुमारास प्रोपेनवर चालणारा घरगुती एसीही बाजारात आणला. किगाली दुरुस्तीला भारताने सप्टेंबर २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार २०२८ पासून आपला एचएफसीचा वापर गोठवायचा आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. आज दहावीत असलेली मुले त्या वर्षी चाळिशीच्या उंबरठ्यावर असतील. त्यांतील काही जण हीच यंत्रे बनवतील किंवा दुरुस्त करतील.

म्हणून शिक्षकमित्रांना आमची सूचना अशी, की पुढच्या वेळी हा धडा घेताना मुलांना आपल्या घरच्या फ्रिजच्या मागची पट्टी वाचून यायला सांगावे. बहुतेकांच्या वहीत आर-६००ए येईल, म्हणजे शार्फेनस्टाइनच्या वाटेने आलेला आयसोब्युटेन. जुन्या फ्रिजवर आर-१३४ए दिसेल. एसीवर बहुधा आर-३२, क्वचित आर-२९०. मग फळ्यावर या संयुगांची सूत्रे शेजारी शेजारी लिहावीत आणि दर वायूपुढे तीन रकाने आखावेत: ओझोनला काय करतो, पृथ्वी किती तापवतो, पेट घेतो का. मुलांनी ते भरले की चौथा रकाना आखावा, हा वायू कोण विकतो आणि त्यावर पेटंट आहे का. रसायनशास्त्राच्या तासाला हा रकाना शोभत नाही असे वाटणाऱ्यांनी १९८६ चा सप्टेंबर आठवावा. वरच्या वर्गांना आणखी एक काम देता येईल. भारतीय मानक ब्युरो आपल्या मानकांचे मसुदे पक्के करण्यापूर्वी लोकांच्या सूचनांसाठी खुले करतो. त्यांत शीतक वायू वापरणाऱ्या उपकरणांचा मसुदा आला, तर तो मागवून घेऊन वाचता येतो, आणि त्यावर शाळेच्या विज्ञान मंडळालाही लिहिता येते.